चिंगीचा मागचा डावा पाय

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. फलटणकडच्या एका धनगर कुटुंबाचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडा आणि बिऱ्हाडासकट फिरता तळ, कोकणाच्या वाटेवर निघाला होता आणि लोणंदच्या अलीकडे एका शेतात मेंढरं बसवली होती. शेतकऱ्याला खत, वाड्याला धान्य, हा जुना व्यवहार. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना एक कोकरू रस्त्याकडे पळालं, त्याच्या मागे वाड्यावरची साडेपाच महिन्यांची कुत्री चिंगी पळाली आणि मोटारसायकलनं तिला उडवलं. कोकराला काही झालं नाही. चिंगीचा मागचा डावा पाय गुडघ्याच्या वर लोंबायला लागला.

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. गुडघे, खुबे, पॅरालिसिसचे पेशंट हे माझं रोजचं काम. कुत्र्याच्या पायाला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. शेत आमच्या नात्यातल्यांचं, म्हणून चिंगी माझ्यापर्यंत आली, आणि वाड्याला थांबणं शक्य नव्हतं म्हणून ती माझ्या पडवीत राहिली. पुढचे साडेपाच महिने मी जे केलं ते पशुवैद्यांना विचारून केलं. मोजमापं मात्र माझ्या सवयीप्रमाणे वहीत उतरवत गेले. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे, कारण गावाकडे असे पाय रोज मोडतात आणि हाड जुळलं की उपचार संपले असं सगळे धरून चालतात.

नऊ दिवस कामट्यांत

अपघातानंतर लगेच कोणीतरी पायाला बांबूच्या कामट्या लावून, पाय ताठ सरळ करून, मांडीपासून पंजापर्यंत घट्ट बांधून दिला होता. हेतू चांगला होता. पण मांडीचं हाड असं बांधून जुळत नाही. हाड स्थिर ठेवायचं तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. कुत्र्याचा खुबा पट्टीत येत नाही. पट्टी मांडीच्या मध्येच संपते आणि खालचं सगळं ओझं मोडलेल्या जागेवर घंटेच्या लोलकासारखं हलत राहतं.

त्याहून वाईट गोष्ट मला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कळली. एक्स-रे मध्ये हाड गुडघ्याला लागूनच, वाढीच्या पट्टीतून निसटलेलं होतं. पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांबीला वाढतं. वाढ पूर्ण होईपर्यंत ती पट्टी हाडापेक्षा कमजोर असते, म्हणून लहान वयात अनेकदा तिथेच तुटतं. या जागेवर मांडीचा पुढचा मोठा स्नायू थेट हाडावर बसलेला असतो. पिल्लाचं नवं हाड भराभर तयार होतं, आणि त्या वेळी पाय सरळ बांधून ठेवला तर स्नायू त्या नव्या हाडाला चिकटतो. मग गुडघा दुमडतच नाही. पाय काठीसारखा मागे ताठ राहतो. दोन-तीन आठवड्यांत ही गोष्ट इतकी पक्की होते की नंतर कोणी फार काही करू शकत नाही, कधी कधी पाय काढावा लागतो.

आमचे नऊ दिवस गेले होते. तिथल्या पशुवैद्य सरांनी कामट्या सोडल्या, गुडघा हळूच दुमडून पाहिला आणि म्हणाले, "अजून थोडं पुढं गेलं असतं तर अवघड होतं."

ऑपरेशन झालं. दोन पिना आडव्या-तिरप्या घालून टोक जागेवर बसवलं. इतक्या उशिरा ते बसवणं सोपं नसतं, कारण मध्ये नवं हाड धरायला लागलेलं असतं. वर पट्टी काही नाही. "हाड आम्ही धरलंय. गुडघा तुम्ही चालू ठेवा," एवढीच सूचना, आणि तीच सगळ्यात मोठी होती.

वाडा दुसऱ्या दिवशी हलला. जाताना वाड्यावरच्या मामांनी वाघरीचा एक जुना तुकडा आणि एक घोंगडी दिली. वाघरीच्या तुकड्यानं मी पडवीत चार बाय पाच फुटांचा आडोसा केला, म्हणजे तिला उड्या मारता येणार नाहीत. घोंगडीला मेंढरांचा वास होता. त्या घोंगडीशिवाय ती एक रात्रही झोपली नाही.

आली तेव्हाची मोजमापं

वजन 11 किलो. कोनमापकानं मोजलं तर उजवा, चांगला गुडघा 42 अंशांपर्यंत दुमडत होता. निरोगी कुत्र्याचा साधारण तेवढाच दुमडतो आणि सरळ करताना 160 च्या आसपास जातो. आकडा जितका लहान तितका गुडघा जास्त दुमडलेला. डावा 95 अंशांवर अडत होता. म्हणजे काटकोनालाही पोचत नव्हता. मांडीचा घेर सूज उतरल्यावर, चौदाव्या दिवशी घेतला: उजवीचा साडेपंचवीस सेंटिमीटर, डावीचा बावीस. दोन आठवड्यांत एवढा स्नायू गेला. माणसाचाही असाच जातो, पण पिल्लात तो डोळ्यांदेखत जातो.

टेपबद्दल एक सांगते. मांडीचा घेर थोडा वर-खाली धरला तरी दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणून मी दोन्ही मांड्यांवर एकाच उंचीला केस कातरून खूण केली, तिला कुशीवर झोपवून, पाय एकाच ठेवणीत धरून, दर वेळी मीच मोजलं. आणि वाढत्या पिल्लाची तुलना गेल्या महिन्यातल्या त्याच पायाशी करून उपयोग नाही, कारण पिल्लू मुळातच वाढतंय. मापदंड तिचा दुसरा पाय.

वजन कुठल्या पायावर किती पडतंय हे पाहायला मला सगळ्यात उपयोगी पडले ते स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर आणि चाळीस मागच्यांवर असतं. अकरा किलोच्या चिंगीचं मागच्या प्रत्येक पायाखाली सव्वादोन किलोच्या आसपास यायला हवं. पुढचे पाय काट्यांच्याच उंचीच्या पाटावर, मागचे दोन दोन काट्यांवर, मान सरळ, समोर भाकरीचा तुकडा. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी आकडे आले: उजव्याखाली 3 किलो, डाव्याखाली 600 ग्रॅम. पंजा जमिनीला लागलेला दिसत होता, पण तो नुसता टेकवलेला होता. डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

पहिले पंधरा दिवस

दिवसातून तीनदा, घोंगडीवर उजव्या कुशीवर झोपवून. आधी पाच मिनिटं नुसता हात ठेवायचा, पाठीपासून मांडीपर्यंत. मग एक तळहात मांडीखाली, दुसरा पंजाच्या वर, आणि गुडघा दुमडायचा, जिथे अडतो तिथे थांबायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहा वेळा. मग टाचेचा सांधा, मग खुबा. शेवटी पंचात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

जोर लावायचा नाही, हे माणसांवर काम करताना मला ठाऊक होतं. पण माणूस "दुखतंय" म्हणतो. चिंगी कधी केकाटलीच नाही. तिसऱ्या दिवशी मला उमगलं की ती बोलत होती, मला वाचता येत नव्हतं. आधी ती जिभेनं नाक चाटायची. मग कान मागे जायचे. मग मान वळवून माझ्या हाताकडे बघायची. नाक चाटलं की थांबायचं, हा माझा नियम झाला. मान वळली म्हणजे मी उशीर केला. वेदनेतलं गरीब कुत्रंही चावू शकतं, म्हणून पहिल्या दोन दिवशी तोंडाला मऊ पट्टी बांधली होती. नंतर लागली नाही.

वेदनाशामक औषध पशुवैद्यांनी वजनावर मोजून दिलं होतं, जेवणानंतर द्यायचं. ते वेळेवर देणं हा व्यायामाचाच भाग आहे, कारण दुखणारा पाय कुत्रं वापरत नाही आणि न वापरलेला पाय भरत नाही. शेजारच्या वहिनींनी मायेपोटी घरातली पॅरासिटामॉल आणून दिली होती. ती मी परत केली. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही माणसांची औषधं कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला, आतड्यांना जिवावरची इजा करू शकतात. हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

पंधराव्या दिवशी गुडघा 78 अंशांवर आला. त्या रात्री मी मामांना फोन केला. मागे मेंढरांचा आवाज होता. "दुमडतोय ना? मग चालंल ती," मामा म्हणाले.

हळू

तिसऱ्या आठवड्यापासून चालणं. इथे मी सगळ्यात जास्त शिकले.

चिंगी तीन पायांवर तरबेज झाली होती. डावा पाय पोटाशी धरून ती अंगणात इतक्या वेगानं जायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला काही कमीच नाही. लोक कौतुक करायचे. मला ते पाहून काळजी वाटायची. कुत्र्याला तीन पाय पुरतात. ते दु:ख करत बसत नाही, सोय करून घेतं. हाड चार-पाच आठवड्यांत जुळतं, पण तोवर तीन पायांची सवय मुरलेली असते, आणि ती काही एक्स-रे मध्ये दिसत नाही.

पळताना दोन्ही मागचे पाय जवळजवळ एकदम उचलले जातात. एक कमी असला तरी उरलेल्या वेगात निभतं. पण अगदी सावकाश चालताना एक मागचा पाय हवेत असतो तेव्हा दुसऱ्याला अंग पेलावंच लागतं. तेव्हा लंगडी घालत राहणं कठीण होतं, तोल जातो. म्हणून पट्टा आखूड धरायचा, तिचं डोकं माझ्या गुडघ्याशी, आणि लग्नात नवरी मांडवात येते त्या चालीनं चालायचं. पाऊल, थांबा, पाऊल. पोटाखालून जुन्या साडीची झोळी घेतली होती, तोल गेला तर आधाराला. उचलून धरायला नव्हे.

पहिल्या दिवशी वीस पावलांत पाच वेळा डावा पंजा टेकला. मी जरा भरभर चालले की शून्य. पुन्हा सावकाश, पुन्हा पाच. माझ्या चालीवर तिचा पाय अवलंबून होता, हे इतकं स्पष्ट दिसलं की मी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. आठवड्यानं वीसपैकी चौदा.

दोन लहान गोष्टींनी मोठा फरक पडला. आमच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, तिथे ती पाय टेकवायलाच घाबरायची. पडवीपासून दारापर्यंत बारदान अंथरलं, त्याच दिवशी पाय खाली आला. आणि नखं. न वापरलेल्या पायाची नखं झिजत नाहीत, वाढतात, पंजा नीट बसत नाही. ती कापल्यावर पाऊल सपाट पडायला लागलं.

चौथ्या आठवड्यातली माझी चूक

वीसपैकी सतरा पावलं पडली त्या दिवशी मला हुरूप आला. हवा छान थंड होती, चिंगी उत्साहात होती. पाच मिनिटांच्या जागी वीस मिनिटं चाललो, तेही शेताच्या ढेकळांतून. ती कुठेही थांबली नाही. परत आल्यावर शेपूट हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय पोटाशी. गुडघा हाताला गरम, कडेला सूज. काट्यावर 400 ग्रॅम.

मी घाबरले. पिना हलल्या असतील असंच वाटलं. सरांनी फोनवर सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासलं. पिना जागेवर होत्या, सांधा चिडला होता. दोन दिवस विश्रांती, बर्फ, मग निम्म्यापासून सुरुवात. आठवडा गेला. तेव्हापासून पाळलेला नियम असा की कुत्र्याचा उत्साह पाहून व्यायाम ठरवायचा नाही. आजचा व्यायाम बरोबर होता का, हे उद्या सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं सांगतात. सकाळी जास्त लंगडलं तर निम्मं करायचं. तीन सकाळी सारखं राहिलं तर थोडं वाढवायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वेळ, नाहीतर चढ, नाहीतर खडबडीत जमीन. मी दोन एकदम वाढवल्या होत्या.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं. एका पिनेचं टोक कातडीखाली टोचत होतं, म्हणून सरांनी दोन्ही पिना काढल्या. वाढीची पट्टी दुखावल्यामुळे हा पाय किंचित आखूड राहील, असंही सांगितलं. थोडा आखूडपणा कुत्रं गुडघा आणि खुबा जास्त उघडून भरून काढतं. पण त्यासाठी गुडघा पूर्ण उघडणारा आणि दुमडणारा हवा. गुडघा तेव्हा 58 वर होता.

ऊस, कोपरा आणि चारी

आता ताकद.

चिंगी बसायची तेव्हा डावा पाय बाजूला फेकून, तिरपी. म्हणजे उठताना सगळं काम उजवा पाय करायचा. तिला भिंतीच्या कोपऱ्यात, डावी बाजू भिंतीला लावून उभी केली आणि बसायला लावलं. पाय बाहेर जायला जागाच नाही, तो दुमडून अंगाखाली येतो आणि उठताना त्याला ढकलावंच लागतं. बस, ऊठ, भाकरीचा तुकडा. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा, मग दिवसातून तीनदा दहा. हा व्यायाम मी गुडघ्याच्या माणसांना खुर्चीवरून उठबस म्हणून देते. स्नायू तोच, काम तेच.

गळीत हंगाम चालू होता, ऊस हवा तेवढा. सहा ऊस तिच्या अंगाच्या लांबीएवढ्या अंतरानं जमिनीवर आडवे टाकले आणि त्यावरून सावकाश चालवलं. ऊस ओलांडायचा म्हणजे प्रत्येक पाय उचलून, गुडघा दुमडून पुढे ठेवावा लागतो. डावा पाय पहिल्या दिवशी प्रत्येक उसाला अडखळला. चौथ्या दिवशी एकालाही नाही. मग टोकांना विटेचे तुकडे ठेवून ऊस चार बोटं वर घेतले. मधल्या दोन दिवशी तिनं ऊसच चघळायला घेतला, तेव्हा वरचं पाचट सोलून त्यावर कडुनिंबाचा पाला चोळावा लागला.

पुण्या-मुंबईत पाण्याखालच्या ट्रेडमिलवर कुत्र्यांना चालवतात. तत्त्व साधं आहे. पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा जेमतेम 38 टक्के भाग येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के. म्हणजे गुडघाभर पाण्यात फारसा आधार मिळत नाही, खोली हवी. आम्हाला ट्रेडमिल कुठली? कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, आलं की आमच्या शेताकडेच्या चारीला, म्हणजे लहान पाटाला, पाणी येतं. मुख्य कालव्यात तिला कधीच नेलं नाही, ओढ जिवावरची असते. चारीच्या एका रुंद, संथ जागी पाणी तिच्या खुब्याला टेकत होतं. हार्नेस घालून, मी स्वत: पाण्यात उतरून, तिला प्रवाहाविरुद्ध चालवलं. आधी तीन मिनिटं, आवर्तन संपेपर्यंत दहा. पाण्यात तिचा पाय जितका वर उचलला जायचा तितका जमिनीवर कधी उचलला गेला नाही. बाहेर आल्यावर लगेच कोरडं करून घोंगडीवर. थंडीत सांधा गार पडला तर सगळं उलटं होतं.

आवर्तन थांबल्यावर चारीच्या भरावाचा चढ होता. चढताना वजन मागच्या पायांवर येतं. सरळ चढायचं, उतरताना तिरपं.

खाण्याचं थोडक्यात. भाकरी-दूध हे वाड्यावरचं खाणं तिला सवयीचं होतं. त्यात रोज उकडलेलं अंडं आणि आठवड्यातून तीनदा चिकन घातलं, कारण प्रथिनांशिवाय स्नायू कशातून भरणार? लोणंद कांद्याचं गाव, इथे रश्श्यात कांदा नसेल असं होत नाही, पण कुत्र्याला कांदा विषारी असतो, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तिचं चिकन वेगळं, मीठ-कांद्याशिवाय. कॅल्शियमची बाटली तीन जणांनी सुचवली. सरांनी नको म्हटलं. वाढत्या पिल्लाला वरून जास्त कॅल्शियम दिल्यानं हाडाची वाढ बिघडू शकते. फासळ्या हाताला लागतील पण डोळ्याला दिसणार नाहीत, एवढंच वजन राखलं.

आठव्या आठवड्यात वजन 13 किलो, काट्यावर डावा 2 किलो 300, उजवा 2 किलो 700, गुडघा 48 अंश. मांड्यांमध्ये दोन सेंटिमीटरांचा फरक. चौदाव्या आठवड्यात, साडेपंधरा किलोला, डावा 3 आणि उजवा 3 किलो 200. सावकाश चालताना लंगडणं दिसेनासं झालं. पळताना मात्र वळणावर डावा पाय अजून चुकवायची.

कुत्रं घरात पाळायचं असतं तर मी इथेच थांबले असते. चिंगीला मात्र मेंढरांमागे जायचं होतं. वाडा हलतो तेव्हा दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात, डांबर, दगड, घाट. म्हणून पुढचे दोन महिने फक्त अंतर वाढवलं. पहाटे, डांबर तापायच्या आत. एक किलोमीटर, दीड, दोन. प्रत्येक वाढीनंतर तीन सकाळी पाहायच्या. चैत्र संपता संपता आम्ही सात किलोमीटरवर पोचलो होतो, आणि सातला ती दमत होती.

वैशाख

वाडा परतीच्या वाटेवर त्याच शेतात उतरला. चिंगी आता 17 किलोची, जवळजवळ पूर्ण वाढलेली. मेंढरांचा आवाज ऐकून ती पडवीत उभी राहिली आणि थरथरायला लागली. मी पट्टा सोडला नाही, मामांनाच इकडे बोलावलं.

मी वही काढून आकडे सांगायला लागले. मामांनी ऐकून घेतलं, पण बघत होते चिंगीकडेच. मग तिच्या मागे उकिडवे बसले, दोन्ही हात दोन्ही मांड्यांवर ठेवले, बाजारात कोकराची मांडी चाचपतात तसे, आणि डोळे मिटले.

"डावी थोडी हलकी हाय अजून," ते म्हणाले.

सकाळीच मोजलं होतं. फरक पाऊण सेंटिमीटर होता.

त्यांना मी कोपऱ्यातली उठबस दाखवली, ती मामींनी लगेच उचलली. ऊस कुठून आणणार, तर मामी म्हणाल्या, वाघरीचे खुंट हायेत की. दहा किलोमीटर एकदम नको, एवढं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. मामांनी घोड्याकडे हात केला. त्याच्या पाठीवर भांडी, बिऱ्हाड आणि झोळीत दोन दिवसांची कोकरं होती.

"पयले आठ-दहा दिवस निम्मी मजल पायी, निम्मी कोकरांसंगं घोड्यावर. सकाळी कशी चालतीया ते बगतो, मग वाढवतो," मामा म्हणाले. घोंगडी त्यांनी उचलली, झटकली आणि झोळीच्या तळाशी घातली.